मदत हवी आहे: आबांचा बर्मातला ट्रक (१/३५ मॉडेल) – गाडी नक्की कोणती आणि रंग कोणता?

नमस्कार मंडळी,

गेली चारेक वर्षं मी प्लॅस्टिकची मॉडेल्स करते आहे, बहुतेक विमानांची. लष्करी गाडी पहिल्यांदाच हातात घेतली आहे, आणि त्यात अडकले आहे.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धात ट्रक ड्रायव्हर होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून १९४१ मध्ये भरती झाले, १९४६ मध्ये घरी आले आणि पुढे शेवटपर्यंत शेती केली. लढाईबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. बोललेच तर गाडीबद्दल. "इंजिन मांडीला खेटून, पायाला नुसती भट्टी," हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. येत्या दिवाळीत माझ्या वडिलांना, अण्णांना, पंचाहत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी त्यांच्या हातात आबांची गाडी द्यायची आहे. नुसता त्या काळातला कुठला तरी ट्रक मला नको आहे.

माझ्या हाताशी तीन गोष्टी आहेत. एक फोटो, पोस्टकार्डाएवढा. मागे पेन्सिलीने 'इम्फाळ १९४४' लिहिलंय. गाडी बरोबर आडवी उभी आहे आणि आबा पुढच्या मडगार्डला टेकून उभे आहेत. चपट्या नाकाची गाडी, केबिनची काच उलटी कललेली, म्हणजे वरची कड पुढे आणि खालची मागे. हौद्याला फळ्या, त्यावर कमानी, ताडपत्री काढलेली. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं बर्मा स्टार पदक. त्याच्या मागे त्यांचा नंबर, नाव आणि पुढे 'आर.आय.ए.एस.सी.' कोरलंय. तिसरी, त्यांचं ते भट्टीचं वाक्य.

काचेवरून आणि नाकावरून मी शोधत गेले. ही कॅनडात बनलेली सीएमपी गाडी, 'कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न', इथवर पोचले. मग १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाच्या मापात, शेवरोले सी१५ए चं किट मागवलं, १३ नंबरच्या केबिनचं. चासी, पाटे, दोन्ही ॲक्सल, इंजिन आणि केबिन जोडून झालं आहे. परवा सहज मॉडेल फोटोशेजारी ठेवलं आणि पोटात गोळा आला. फोटोतली गाडी चांगलीच लांब दिसते. माझी तिच्यापुढे बुटकी वाटते. मी चुकीचं किट घेतलं का? की फोटोच्या कोनामुळे तसं दिसतंय?

दुसरा प्रश्न खुणांचा. फोटोत एका मडगार्डवर काळसर चौकोन आणि त्यात एक गोल दिसतो. दुसऱ्या मडगार्डवरचा चौकोन तिरका दुभागलेला आहे, दोन भागांच्या छटा वेगळ्या. ते काय असेल? किटमधल्या डिकल्समध्ये, म्हणजे चिकटवायच्या छापील खुणांमध्ये, असं काहीच नाही.

तिसरा प्रश्न रंगाचा. किटच्या कागदावर वाळवंटातल्या आणि युरोपातल्या गाड्यांचे रंग दिले आहेत. इम्फाळच्या गाडीला कोणता द्यायचा? चिखलासाठी आमच्या शेताच्या बांधावरची तांबडी माती चाळून ठेवली आहे, ती चालेल का?

आणि दोन लहान अडचणी. केबिनची काच सुपरग्लूने चिकटवली, सकाळी ती आतून पांढुरकी झालेली. आणि चाचणी म्हणून एका जादा फळीवर मॅट वार्निश मारलं, तर त्यावर राखेसारखा थर आला. पुण्यात गेले दहा दिवस पाऊस थांबलेला नाही.

कितीही बारीक माहिती असली तरी सांगा.

प्रतिसाद

ताई, कोनाबिनाचा प्रश्न नाही, फोटोवरूनच मोजता येईल. गाडी बरोबर आडवी उभी आहे म्हणताय ना? मग फूटपट्टी घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. मग एका टायरची उंची मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा.

सी१५ए चा व्हीलबेस, म्हणजे चाकांमधलं हेच अंतर, १०१ इंच आणि टायर ९.००-१६, म्हणजे उंचीला सुमारे ३५-३६ इंच. भागाकार २.८ च्या आसपास येतो. ३ टनी सीएमपीचे टायर १०.५०-२०, उंची सुमारे ४२ इंच. तिच्यात आखूड चासीचा व्हीलबेस १३४ इंच, भागाकार ३.२. लांब चासीचा १५८ इंच, भागाकार साधारण ३.७५. तिन्ही आकडे एकमेकांपासून इतके लांब आहेत की फूटपट्टीला थोडी चूक झाली तरी गाडी ओळखू येईल.

नाव वाचायची रीतही सांगतो. सी म्हणजे शेवरोले, एफ म्हणजे फोर्ड. पुढचा आकडा वजन उचलायच्या क्षमतेचा, हंड्रेडवेटमध्ये (वीस हंड्रेडवेटचा एक टन). १५ म्हणजे पाऊण टन, ६० म्हणजे ३ टन. ३ टनीत शेवटचं अक्षर चासीच्या लांबीचं: एस आखूड, एल लांब.

प्रतिसाद

मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोरमध्ये, चोवीस वर्षं काढली. भरती झालो तेव्हा आमच्या उस्तादांनी या गाड्या स्वतः खोललेल्या होत्या, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो.

तुमचे आबा भट्टी म्हणत ते अगदी खरं. या गाडीचं नाक मुद्दाम आखूड केलं होतं, म्हणजे तेवढ्याच लांबीत हौदा मोठा मिळतो आणि जहाजातही जागा कमी लागते. पण इंजिन जाणार कुठे? ते मागे सरकून केबिनमध्ये, ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध आलं. पेडलजवळ पाय ठेवायला जेमतेम जागा. अशा केबिनमध्ये बसून बर्माच्या डोंगरातले घाट उतरवायचे, तेही पावसाळ्यात. माझ्याकडून त्यांना सलाम.

काच उलटी कललेली असते ती उन्हाची तिरीप वर, विमानातल्या वैमानिकाला दिसू नये म्हणून. मॉडेलमध्ये हा कोन सरळ करू नका, पुष्कळ जण करतात. गाडीचा सगळा चेहरा त्या कोनात आहे.

आता खुणा. दुभागलेला चौकोन, वर लाल, खाली हिरवा: ती आर्मी सर्व्हिस कोरची खूण. आर.आय.ए.एस.सी. म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोर, आजची आपली एएससी. रसद, पेट्रोल, दारूगोळा, सगळं त्यांच्या गाड्यांतून जायचं. आणि काळ्या चौकोनातला गोल तांबडा असणार. ती पाचव्या भारतीय डिव्हिजनची खूण, इंग्रज तिला 'बॉल ऑफ फायर' म्हणत. ही डिव्हिजन इरिट्रियात केरनला लढली, मग लिबियाच्या वाळवंटात, मग बर्माच्या किनाऱ्यावरच्या आराकानमध्ये. मार्च १९४४ मध्ये जपान्यांनी इम्फाळवर चाल केली तेव्हा तिला आराकानमधून विमानांनी उचलून आणलं. २२ जून १९४४ रोजी कोहिमा-इम्फाळ रस्ता मोकळा झाला, त्यात दक्षिणेकडून पुढे सरकणारी हीच डिव्हिजन. त्यानंतर भर पावसाळ्यात ती टिड्डिमच्या रस्त्याने जपान्यांच्या मागे गेली. त्या रस्त्यावर 'चॉकलेट स्टेअरकेस' नावाचा घाट आहे, सात मैलांत चाळिसेक हेअरपिन वळणं. तुमच्या आबांनी तो घाट गाडीने चढला असण्याची शक्यता मोठी आहे.

नावातच चॉकलेट आहे, तेव्हा चिखल तपकिरी. बांधावरची तांबडी माती राहू द्या, ती बर्मातली वाटणार नाही.

प्रतिसाद

रंगाबद्दल. वाळवंटातली पिवळी छटा तर नकोच, आणि युरोपातला ऑलिव्ह ड्रॅबही नको. बर्मा आघाडीवर १९४३ पासून गाड्यांना गडद जंगल ग्रीन देत. मी टामियाचा एक्सएफ-५८ ऑलिव्ह ग्रीन घेतो आणि त्यात थोडा एक्सएफ-२७ ब्लॅक ग्रीन मिसळतो. मात्र १/३५ वर गडद रंग आणखी काळा दिसतो, म्हणून शेवटचा हात थोडा फिका करून वरच्या बाजूंना द्या: बोनेट, मडगार्ड, केबिनचं टप.

मॅट वार्निशवर आलेली राख म्हणजे हवेतला ओलावा. वार्निश वाळताना तो आत अडकतो. पाऊस आहे तोवर मॅट मारू नका. मारायचंच असेल तर खोली एसीने दोन तास कोरडी करून, पातळ हात द्या. राख आलेल्या फळीवर आधी ग्लॉसचा हात द्या आणि कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. बहुतेक वेळा निघून जाते.

काच काढून टाका. सुपरग्लूची वाफ बसली की ती घासून निघत नाही असं नाही, पण या गाडीच्या काचा सपाट आहेत, मग कशाला घासत बसायचं? किटच्या काचेवर ठेवून शर्टाच्या खोक्यावरच्या पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कापा आणि पांढऱ्या फेविकॉलने बसवा. तो वाळला की दिसत नाही.

प्रतिसाद

मी मुंबईचा, शिवडीजवळ वाढलो. एक गोष्ट कामाची वाटते म्हणून लिहितो. जनरल मोटर्सचा कारखाना शिवडीला १९२८ पासून होता. युद्धकाळात कॅनडाहून सीएमपीचे सुटे भाग खोक्यांत भरून यायचे आणि गाड्या मुंबईत जोडल्या जायच्या. हौदे पुष्कळदा इथेच बांधलेले. त्यामुळे कॅनडातल्या म्युझियममधली गाडी आणि तुमच्या फोटोतली गाडी, दोघींचा हौदा सारखा असेलच असं नाही. किटचा हौदा बाजूला ठेवा, फोटोतल्या फळ्या मोजा आणि त्याप्रमाणे लाकडाचा करा. फाळक्याच्या बिजागऱ्या दिसतात का ते भिंग लावून बघा.

प्रतिसाद

नमस्कार, मी कॅनडात ओशावाला राहतो. शेवरोलेच्या सीएमपी याच गावात तयार होत, फोर्डच्या विंडसरला. दोन्ही मिळून चार लाखांच्या वर गाड्या झाल्या. ओटावाच्या वॉर म्युझियममध्ये जाणं होतंच. ताई, तुम्हाला कुठल्या भागाचे फोटो हवेत ते लिहा, पुढच्या महिन्यात जाईन तेव्हा काढून पाठवतो. गाडीखाली वाकून पाट्यांचे आणि चासीच्या आडव्या पट्ट्यांचेही काढता येतील.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही.

मोजलं. टायर ११ मिलिमीटर, दोन चाकांमधलं अंतर ४१. भागाकार ३.७३. म्हणजे सी६०एल, लांब चासीची ३ टनी. माझं किट चुकीचंच आहे. पण केबिन तीच, १३ नंबरची, आणि ती उत्तम जमून आली आहे, त्यामुळे ती मोडणार नाही. चासी नव्याने करते. १५८ इंच म्हणजे १/३५ मध्ये ११४.७ मिलिमीटर, किटमध्ये आहेत ७३.३. मधले ४१ मिलिमीटर प्लॅस्टिकच्या पट्टीने वाढवायचे, आणि मागचा ॲक्सल जाड करायचा. हौद्यासाठी आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून पाहिल्या, फळीची जाडी चांगली येते. भिंगाखाली फाळक्याला तीन बिजागऱ्या दिसल्या, आणि डावीकडची साखळी लोंबकळते आहे. तीही करणार.

ईएमईतल्या काकांना एक सांगायचं आहे. काल अण्णांना फोनवर सहज विचारलं, आबांनी कधी तांबड्या गोलाबद्दल काही सांगितलं होतं का. कशासाठी विचारते ते सांगितलं नाही. अण्णा थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "आपल्या बैलगाडीच्या मागच्या फळीवर होता की. काळ्या रंगाचा चौकोन आणि त्यात तांबडा गोल. दर पोळ्याला आबा स्वतः रंगवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, सूर्यनारायण असेल."

ती गाडी राहिली नाही, पण ती फळी गोठ्याच्या माळ्यावर असेल असं अण्णा म्हणतात. रविवारी गावी जाऊन शोधणार आहे. सापडली तर गोलाची छटा तिच्यावरूनच घेईन.

आता उरलेले दोन प्रश्न. १०.५०-२० ची चाकं १/३५ मध्ये रेझिनची भारतात कुणाकडे मिळतील का, की बाहेरूनच मागवावी लागतील? मला टायरला १/३५ मध्ये साधारण ३० मिलिमीटर उंची हवी आहे, पाच चाकं, एक स्टेपनीसह. आणि ओशावाच्या दादांना विनंती: जमल्यास केबिनच्या आतला, ड्रायव्हरच्या पायांच्या जागेचा फोटो काढा. इंजिनाचं झाकण आणि पेडल यांच्यात नेमकं किती अंतर आहे ते मला बघायचं आहे.