मदत हवी आहे: सहा लाख रुपये टॅबवर नाही, शिक्षकांच्या तयारीवर खर्च करायचे आहेत. प्रस्ताव कसा लिहू?

मोहफूल

नमस्कार मंडळी. मी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. नोकरीला अकरा वर्षं झाली. प्रश्न पैशांचा आहे, पण त्याचं मूळ वर्गात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, चौदा शाळा आणि अडतीस शिक्षक आहेत. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, केंद्राला सहा लाख रुपये मिळण्याची शक्यता आहे. कंपनीचे अधिकारी येऊन दोन शाळा बघून गेले, मुलांशी मनापासून बोलले. निघताना म्हणाले, "प्रत्येक शाळेला पाच-सहा टॅब देऊ." मी धीर करून म्हटलं, सर, आधीचेच टॅब कपाटात पडून आहेत, हा पैसा शिक्षकांच्या प्रशिक्षणाला देता येईल का? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तीन आठवड्यांत प्रस्ताव द्या. पण मुलांमध्ये काय फरक पडेल, ते त्यात स्पष्ट लिहा." त्यांचं म्हणणं रास्तच आहे. तेव्हापासून मी कागद पुढ्यात घेऊन बसले आहे.

वर्गातलं सांगते. माझ्याकडे पहिली-दुसरीची एकोणीस मुलं आहेत, त्यातल्या सतरा जणांच्या घरी कोरकू बोलतात. दुसरीतल्या एका मुलाला मी शब्दकार्ड दिलं. त्याने अक्षरांवर बोट ठेवून "मा... सा... मासा" असं बरोबर वाचलं. मी शाबासकी दिली आणि विचारलं, मासा म्हणजे काय रे? तो गप्प. कार्ड उलटं करून चित्र दाखवलं, तर त्याचा चेहरा एकदम उजळला आणि तो ओरडला, "काकू!"

कोरकूत माशाला काकू म्हणतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच एका मुलीने म्हटलं, तेव्हा मला वाटलं की ती खिचडी शिजवणाऱ्या काकूंना हाक मारते आहे. मी तिला गप्प बसवलं होतं. ती पुढे बरेच दिवस वर्गात बोललीच नाही. ते अजून मनातून जात नाही.

डी.एड.च्या दोन वर्षांत आणि नंतरच्या इतक्या प्रशिक्षणांत, ज्याची घरची भाषा वेगळी आहे त्या मुलाला वाचायला कसं शिकवायचं हे मला कोणी वर्गात करून दाखवलं नाही. प्रशिक्षण म्हणजे तालुक्याच्या सभागृहात ऐंशी खुर्च्या, पडद्यावर स्लाइड, दुपारी जेवण आणि शेवटी उपस्थितीची लिंक. सुलभकही आमच्यातलेच असतात. त्यांनी आठ दिवसांपूर्वी जिल्ह्याला जे ऐकलेलं असतं, ते आम्हाला सांगतात. त्यांचा दोष नाही. पण मी दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहते तेव्हा हातात काही नसतं.

मला हवं आहे ते असं: कोणीतरी जाणतं माणूस महिन्यातून दोन-तीनदा माझ्या वर्गात यावं, माझ्याच मुलांना माझ्यासमोर शिकवावं, मग मला शिकवताना बघावं, आणि नंतर अर्धा तास आम्ही बोलावं. हे प्रस्तावात कसं मांडू? पैसे कोणाच्या खात्यावर घ्यायचे? शाळा दोन शिक्षकांची, एक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्यावर सगळे वर्ग येतात, त्याचं काय करू? आणि मुलांमधला फरक मोजू कसा? ज्यांनी असं काही केलं आहे त्यांनी कृपया लिहा.

हिशेबवही

ताई, मी काही वर्षं एका कंपनीत सीएसआरचे प्रस्ताव तपासायचं काम केलं आहे, म्हणून खात्याच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बरेच चांगले प्रस्ताव तिथेच अडकतात.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कशावर करता येतात ते अनुसूची ७ मध्ये आहे आणि शिक्षण त्यात दुसऱ्या क्रमांकावरच येतं. म्हणजे प्रशिक्षण बसत नाही असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे.

अडचण पैसे घेणाऱ्याची असते. २०२१ पासून कंपनी संस्थेमार्फत काम करत असेल तर त्या संस्थेची सरकारकडे सीएसआर-१ नावाची नोंदणी लागते, आणि सर्वसाधारण ट्रस्ट किंवा सोसायटीला १२-ए, ८०-जी या आयकराच्या नोंदण्या आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीकडे हे नसणार. दोन वाटा आहेत. एक, शिक्षणात काम करणारी नोंदणीकृत संस्था सोबत घ्या. दोन, कंपनीला म्हणा की काम तुम्हीच थेट करा: साधनव्यक्तीचं (म्हणजे तुमच्या वर्गात येऊन शिकवून दाखवणाऱ्या जाणत्या माणसाचं) मानधन, छपाई, प्रवास यांची बिलं कंपनीच भागवेल. सहा लाखांसाठी दुसरी वाट मला बरी वाटते. रोख रक्कम कुठल्याही शिक्षकाच्या हातून जायला नको. पुढे तक्रार झाली तर तुम्हालाच त्रास होईल.

अजून एक. अधिकारी म्हणतील की मानधन म्हणजे प्रशासकीय खर्च, त्याला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा कंपनीच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्याचा, देखरेखीचा, मूल्यमापनाचा थेट खर्च त्यात धरत नाहीत. तुमच्या प्रस्तावात माणूस हाच मुख्य खर्च आहे, तो लपवू नका. पहिल्याच ओळीत लिहा.

पांढरा खडू

मी नंदुरबार जिल्ह्यात शिकवतो. रागावू नका ताई, पण आम्हाला अजून एक प्रशिक्षण नको आहे. गेल्या वर्षी बीएलओची, म्हणजे मतदार यादीची, कामं, ऑनलाइन माहिती आणि तीन वेगवेगळी प्रशिक्षणं मिळून माझ्या वर्गाचे किती दिवस गेले ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. निवडणुकीच्या त्या एका शब्दात वर्षभराची कामं येतात. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस शाळा भरली पाहिजे. त्या दिवसांत शिक्षक वर्गात असतो का, हे आधी बघा.

मोहफूल

सर, रागावले नाही. तुमची वही बघायला मिळाली तर बरं होईल, प्रस्तावाला तीच जोडावी लागेल. म्हणूनच मी म्हणते की माणूस वर्गात यावा, आम्ही वर्ग सोडून जायला नको.

हिशेबवही दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रोख रकमेचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जुना केंद्रप्रमुख

मॅडम, तुम्ही मागताय ती गोष्ट नवी नाही आणि ती चालते, याला पुरावा आहे. तो तुमच्या प्रस्तावात टाकाच.

‘प्रथम’ संस्था आणि अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्या गटाने अनेक राज्यांत मिळून बरीच वर्षं प्रयोग केले. त्याच दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मूळ कल्पना साधी आहे: मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे गटात बसवायचं आणि रोज ठराविक वेळ त्याच पातळीचं शिकवायचं. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तरी शाळेच्या नेहमीच्या दिवसांत मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. त्याच राज्यात सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी शिबिरात हीच पद्धत वापरली तेव्हा मात्र मुलांचं वाचन सुधारलं. म्हणजे शिक्षकाला येत नव्हतं असं नाही, नेहमीच्या शाळेत ते करायला जागाच नव्हती.

मग हरियाणात २०१२-१३ मध्ये काय बदललं? तिथल्या गटसाधन समन्वयकांना, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांना, आधी पद्धत शिकवली आणि त्यांना स्वतः काही आठवडे रोज मुलांना शिकवायला लावलं. त्यानंतरच ते शिक्षकांना शिकवायला आणि वर्गात मदत करायला गेले. या कामासाठी शाळेच्या वेळापत्रकात रोजचा वेगळा तासही राखला. भाषेत सुधारणा दिसली. मी केंद्रप्रमुख असताना हे वाचलं आणि मला माझीच शिक्षण परिषद आठवली. दर महिन्याला मी इतरांना सांगायचो, पण नऊ वर्षांत पहिलीचा वर्ग सलग आठवडाभर मी स्वतः घेतला नव्हता.

तेव्हा माझा सल्ला असा. सहा लाख चौदा शाळांवर पसरू नका, सहा शाळा घ्या. एक साधनव्यक्ती महिन्याला प्रत्येक शाळेत तीनदा गेली तरी अठरा दिवस होतात, उरलेल्या दिवसांत तिची तयारी आणि नोंदी. निवड करताना अट घाला की त्या व्यक्तीने आधी पंधरा-वीस दिवस तुमच्यापैकी एका शाळेत स्वतः शिकवून दाखवावं. पदवी नंतर बघा.

भाषेसाठी गावातली कोरकू बोलणारी, बारावी झालेली मुलगी प्रत्येक शाळेला घ्या, दिवसाला दोन तास. गोष्ट आधी कोरकूत तोंडी सांगायची, मुलांना त्यावर कोरकूत बोलू द्यायचं, मग तीच गोष्ट मराठीत ऐकवायची, आणि वाचन सगळ्यात शेवटी. माशाची ओळख कोरकूत झाली की मराठी शब्द टिकतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ नंतर कोसबाडला वारली मुलांबरोबर काम करत होत्या, तेव्हाही शाळा मुलांच्या जवळ नेणं हेच त्यांनी केलं. मुलं गुरं चारायला जात, म्हणून त्यांनी कुरणातच शाळा भरवली. आजच्या काळात पालघर जिल्ह्यातल्या वाड्याजवळच्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था आदिवासी मुलांच्या भाषेवर आणि शिक्षकांबरोबर नेटाने काम करते. त्यांना पत्र लिहा.

मोजणी अवघड करू नका. ‘असर’ या देशभरातल्या ग्रामीण शिक्षण पाहणीची वाचन चाचणी वापरा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला काही मिनिटं लागतात. जूनअखेर, दिवाळीपूर्वी आणि मार्चमध्ये घ्या, आणि ती शिक्षकाने किंवा साधनव्यक्तीने नाही, तिसऱ्याच माणसाने घ्यावी. २०२४ च्या ‘असर’मध्ये देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतली तिसरीची २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. कंपनीला आकडा हवा असतो, तर हा देशाचा आकडा आणि त्याशेजारी तुमच्या सहा शाळांची जूनमधली यादी ठेवा. एकच इशारा: होळीच्या आसपास चाचणी ठेवू नका. तुम्हाला माहीतच आहे, फगव्याला गाव गावात नसतं, आणि कामाला बाहेर गेलेली घरं त्याच सुमारास परत येतात.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते, मूळची साताऱ्याची. इथे २०११ पासून गरीब घरच्या प्रत्येक मुलामागे शाळेला सरकारकडून जादा रक्कम मिळते, तिला पुपिल प्रीमियम म्हणतात. सुरुवातीला आमच्या शाळेने त्यातून मदतनीस नेमले आणि सहलीही काढल्या. त्याच वर्षी १२५ दशलक्ष पौंडांच्या सरकारी निधीतून एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन सुरू झालं. या मुलांसाठी काय उपयोगी पडतं ते तपासायचं, हे त्याचं काम. त्यांचा सल्ला असा की ही रक्कम सर्वात आधी वर्गातल्या शिकवण्याचा दर्जा वाढवण्यावर, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणावर, खर्च करा. तुमच्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना बाहेरचा दाखला लागला तर हा द्या.

आमच्या वर्गातही पाच-सहा भाषा आहेत. काकूचं वाचून मी माझ्या वर्गातल्या सोमाली मुलीला आज माशाला काय म्हणतात ते विचारलं.

पांढरा खडू

जुन्या सरांचं पटलं. वही पाठवतो. एक अट मात्र प्रस्तावात लिहाच: साधनव्यक्ती आमचा अहवाल वरती पाठवणार नाही. ती तपासायला आली आहे असं एकदा जरी वाटलं तरी शिक्षक तिच्यासमोर नेहमीसारखं शिकवणार नाही. सगळे फळा नीट पुसून, ठरलेला पाठ घेतील.

मोहफूल

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री बसून आकडे मांडले, चुकत असेल तर सांगा. साधनव्यक्तीचं मानधन महिना २५,००० प्रमाणे बारा महिन्यांचे ३,००,०००. तिचा प्रवास ४८,०००, कारण सहापैकी दोन गावांना एसटी जात नाही. सहा कोरकू ताईंना महिना २,००० प्रमाणे दहा महिन्यांचे १,२०,०००. मला ही रक्कम फार कमी वाटते, पण टॅबचा विषय पूर्ण निघाला तर वाढवता येईल का ते विचारणार आहे. गोष्टींची कार्डं आणि छपाई ५०,०००. तीन चाचण्या ४०,०००. उरलेल्या ४२,००० मध्ये मे महिन्यात पंधरा शिक्षकांचं पाच दिवसांचं निवासी शिबिर, सकाळी गावातल्या मुलांसोबत प्रत्यक्ष शिकवणं आणि दुपारी चर्चा. सुट्टीत येण्याबद्दल सहकाऱ्यांना विचारलं, अकरा जण हो म्हणाले.

पांढरा खडू सर, तुमची अट जशीच्या तशी घातली आहे.

अजून एक शंका. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे पूर्ण करावेत असं आहे. वर्गातल्या या भेटी त्यात मोजून घेतल्या तर आमच्यावर दुसरं प्रशिक्षण येणार नाही. त्यासाठी पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना लिहायचं की डाएटला, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला?

जुना केंद्रप्रमुख

पत्र डाएटच्या प्राचार्यांच्या नावे, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत. एकाला सोडून दुसऱ्याकडे गेलात तर फाइल पडून राहते. मानधन घेणाऱ्या ताईंची निवड शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करा, म्हणजे गावातून वाद येणार नाही. आणि शिबिर मेच्या पहिल्या आठवड्यात घ्या. उन्हाचं एक असतंच, पण त्यानंतर विहिरी आटतात आणि पंधरा माणसांच्या पाण्याची सोय जड जाते.

मोहफूल

बरोबर, पाण्याचं लक्षातच आलं नव्हतं. सोमवारी गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटते. पत्राचा मसुदा इथेच टाकते, रात्री आठनंतर टेकडीवर रेंज येते तेव्हा. हिशेबवही दादा, बिलांचा नमुना असेल तर तेवढा द्याल का?