अनुभव धागा: सॉफ्टवेअर कंपनीची बातमी तुमच्यापर्यंत कशी पोचते?

नवी आवृत्ती, वाढलेले दर, बंद पडलेली सेवा अशा बातम्या हल्ली आधी समाजमाध्यमांवर येतात. तुम्ही कंपनीत हे काम करत असा किंवा नुसते वाचत असा, अनुभव लिहा. मला स्वतःला अडचणीच्या वेळी कंपनी काय बोलते यात जास्त रस आहे.

रातपाळी: मग गिटलॅबपासून, म्हणजे प्रोग्रामचा कोड ऑनलाइन ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीपासून, सुरुवात करू. ३१ जानेवारी २०१७ला एका इंजिनिअरच्या हातून त्यांचा मुख्य डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार उरले. त्यांनी ट्विटरवर ते सरळ सांगितलं, आतल्या नोंदींचं गूगल डॉक सगळ्यांना खुलं केलं आणि दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालली नाही, हेही स्वतःच लिहिलं. जवळपास सहा तासांचा डेटा कायमचा गेला. नंतरच्या अहवालात त्या इंजिनिअरचा उल्लेख फक्त ‘टीम-मेंबर-१’ असा आहे. मीही डेटाबेस सांभाळतो. टीममध्ये नवीन कुणी आलं की आधी तो अहवाल वाचायला देतो.

हिंजवडीकर: आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. लिंक्डइनवरच्या पोस्ट वाचतात ते नोकरी शोधणारे. आमचे खरे वापरकर्ते, म्हणजे करसल्लागार आणि दुकानदार, व्हॉट्सअ‍ॅपवर असतात. २०२३मध्ये चॅनेलची सोय आली तेव्हापासून जीएसटीचे बदल तिथेच टाकतो, सोबत मराठीत छोटा व्हिडिओ. विवरणपत्राची तारीख जवळ आली की आता पूर्वीपेक्षा फोन कमी येतात, हा फरक स्पष्ट दिसतो.

सर्व्हरघर: ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप एकदम बंद पडलं, तेव्हा फेसबुकलाही दिलगिरी ट्विटरवर मागावी लागली. पुढे २०२३मध्ये ट्विटरनेच काही दिवस लॉगिनशिवाय ट्वीट दाखवणं थांबवलं. आमच्याकडे नियम आहे: आधी स्टेटस पान, म्हणजे सेवा चालू आहे की बंद ते सांगणारं, वेगळ्या होस्टिंगवर ठेवलेलं पान, मग सगळीकडे त्याचा दुवा.

कानाने वाचणारा: मी दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो. कंपन्या बदलांची अख्खी यादी चित्र म्हणून टाकतात आणि माझा स्क्रीन रीडर ‘इमेज’ एवढंच म्हणतो. चित्राचं वर्णन लिहायची सोय जवळपास सगळीकडे आहे, पण कुणी भरत नाही. बातमी माझ्याच कामाची असते, म्हणून जास्त लागतं.

हिंजवडीकर: आमच्या पोस्ट आजच तपासतो. दरांच्या तक्त्याचं काय करावं?

कानाने वाचणारा: तक्ता साइटवर ठेवा, चित्रात नको. पोस्टमध्ये फक्त बदललेले दर लिहा आणि दुवा द्या.