परदेशी अध्यापकाला सोलापूरच्या महाविद्यालयात काही आठवडे बोलवायचे असेल, तर ते कसे करावे?

इतिहासाचे शिक्षक, सोलापूर

नमस्कार. मी शहरातील एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पुढील वर्षी एखाद्या परदेशी अध्यापकास किमान तीन आठवड्यांसाठी महाविद्यालयात बोलवावे, असे आमच्या प्राचार्यांनी ठरवले असून प्रस्ताव लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कल्पना मला मनापासून आवडली आहे. मात्र महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात एक रंगीत छायाचित्र लागावे एवढ्याचसाठी हा खटाटोप होणार असेल, तर त्यात माझे नाव नसलेले बरे, असेही वाटते.

माझ्या मनात विषय आहे तो कापड गिरण्यांच्या शहरांचा इतिहास. १८७७ सालची आपली जुनी मिल, १९३०च्या मे महिन्यातील लष्करी कायदा, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे आणि नंतर एकेक करून थंडावलेल्या गिरण्यांच्या चिमण्या, हे सारे आमच्या मुलांना पाठ असते. परंतु अशाच तऱ्हेने वाढलेली आणि बसलेली शहरे जगात इतरत्रही आहेत, याची त्यांना कल्पना नसते. अडचण भाषेची आहे. वर्गातील बहुतेक मुले मराठी माध्यमातून आलेली आहेत, घरी कोणी तेलुगू बोलते, कोणी कन्नड, कोणी दखनी. इंग्रजी वाचून समजते, पण परक्या उच्चारातले ऐकून समजेल याची खात्री नाही. पाहुण्याकडून नेमके काय शिकवून घ्यावे, त्याचा उपयोग महाविद्यालयाच्या भिंतीबाहेरील लोकांना कसा व्हावा आणि सरकारी सोपस्कार कोणते, याविषयी ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त प्राध्यापिका, समाजशास्त्र

मला दोन अनुभव आहेत, एक फसलेला आणि एक साधलेला. फसलेला आधी सांगते. एका महाविद्यालयात परदेशी पाहुण्यांचे व्याख्यान होते आणि खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून चार विभागांची मुले सभागृहात आणून बसवली होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल-श्रीफळ आणि दोन मनोगते यांत जवळजवळ तास गेला. पाहुण्यांच्या वाट्याला अर्धा तास आला आणि प्रश्नांची वेळ आली तेव्हा सूत्रसंचालकांनी आभारप्रदर्शन सुरू केले. पाहुणे भले गृहस्थ होते. त्यांनी नारळ हातात घेऊन शेवटपर्यंत हसतमुखाने बसून घेतले.

त्यानंतर काही वर्षांनी पोलंडमधील वूच या शहरातून एक अध्यापिका तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे आल्या. आपल्या नकाशांत या शहराचे नाव बहुधा लॉड्झ असे छापलेले असते. तेही कापड गिरण्यांचेच शहर. या वेळी मी सभागृह मागितलेच नाही. तृतीय वर्षाचा सकाळी आठचा तास आणि अठ्ठावीस मुले, एवढेच त्यांच्या हवाली केले आणि स्वतः प्रत्येक तासाला वर्गात बसले. पहिले दोन दिवस मुले गप्प होती. तिसऱ्या दिवशी मी विचारले की कोणाच्या घरी किंवा नात्यात माग आहेत, आणि अकरा हात वर झाले. त्याच आठवड्यात आम्ही पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात गेलो. आमच्याच वर्गातील एका मुलीचे वडील तेथे चादरीच्या मागावर होते. भीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, कसा चढवतात, कांडी कशी बदलतात, तुटलेला धागा दोन बोटांत धरून कसा सांधतात, हे त्यांनी तेलुगूतून सांगितले. मुलीने ते मराठीत आणले आणि मी इंग्रजीत. पाहुण्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: धागा सांधताना माग थांबतो, त्या वेळेचे पैसे कोण देते? वडील हसले आणि म्हणाले, ‘कोण देणार? माग थांबला की मजुरी थांबली.’ तीन वर्षे वर्गात तोंड न उघडलेल्या त्या मुलीने दुसऱ्या दिवशी नगावर मिळणारी मजुरी म्हणजे काय, हे फळ्यावर आकडे मांडून समजावले. मग बाईंनी त्यांच्याकडील एका मोठ्या जुन्या गिरणीची छायाचित्रे दाखवली. २००६पासून त्या आवारात दुकाने, उपाहारगृहे आणि चित्रपटगृहे आहेत. मुलांनी लगेच विचारले की मग कामगार कोठे गेले? त्या प्रश्नावर पुढचे पाच तास गेले. सोलापुरात परदेशी अध्यापक आणायचा तो अशा पाच तासांसाठी.

भाषेचे भय बाळगू नका. आदल्या दिवशी दोन पानांचे टिपण मराठीत वाटा, तासाला दोन शिक्षक उभे करा आणि मुलांना कोणत्याही भाषेत प्रश्न विचारण्याची मुभा द्या. सोलापूरची पोरे चार भाषांत बाजार करतात. पाचवी कानावर पडली म्हणून घाबरणारी नाहीत.

कार्यालयीन अधीक्षक

मॅडमनी लिहिले ते खरेच आहे, पण कागद वेळेत हलले नाहीत तर पाहुणे विमानातच बसणार नाहीत, म्हणून रूक्ष भाग मी सांगतो.

परदेशी अध्यापकांना शिकवायला बोलावण्याची केंद्र सरकारची ‘ग्यान’ योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्या आखणीप्रमाणे १२ ते १४ तासांच्या अभ्यासक्रमासाठी ८,००० डॉलरपर्यंत आणि २० ते २८ तासांसाठी १२,००० डॉलरपर्यंत एकरकमी रक्कम धरलेली होती. योजनेचा कल मोठ्या संस्था आणि विद्यापीठांकडे असल्याने संलग्न महाविद्यालयाने विद्यापीठाचे बोट धरूनच जावे. आपले विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते आहे, याचा येथे फायदा होतो. फाईल कोणाच्या टेबलावर आहे हे दुपारी जाऊन पाहता येते. दुसरा मार्ग अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट स्पेशलिस्ट कार्यक्रमाचा. त्यात अमेरिकी तज्ज्ञ दोन ते सहा आठवड्यांसाठी येतो, विमानभाडे आणि मानधन तिकडून मिळते, तर निवास, भोजन आणि स्थानिक प्रवास यजमान संस्थेने पाहायचा असतो. तुमचा विषय पाहता हा मार्ग तुम्हाला अधिक जवळचा आहे.

पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला वर्गात उभे करू नका, मग तो कितीही स्नेही असो. ‘ग्यान’खालील व्याख्यानांसाठी ई-बिझनेस व्हिसा चालतो, इतर बाबतीत कार्यक्रमाचा हेतू स्पष्ट लिहिलेले निमंत्रणपत्र देऊन वकिलातीकडूनच प्रकार ठरवून घ्यावा. पाहुणा ज्याच्याकडे उतरतो, त्याने चोवीस तासांच्या आत ऑनलाइन नोंद करणे बंधनकारक आहे. आजवर आपण ज्याला ‘सी फॉर्म’ म्हणत आलो, तीच ही नोंद. हॉटेलवाले हे सवयीने करतात. घरी किंवा वसतिगृहात उतरवल्यास ती जबाबदारी आपली, आणि नेमके तेथेच राहून जाते. मानधन आपण देणार असू तर अनिवासी व्यक्तीच्या रकमेवरील करकपातीसाठी सनदी लेखापालांना आधीच भेटावे. आपल्याला परदेशातून पैसे येणार असतील तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखालील नोंदणीचा प्रश्न उभा राहतो, म्हणून शक्यतो पैसा आपल्या खात्यात न आणता त्यांचा खर्च त्यांनीच थेट करावा, हे बरे.

वेळेचेही पाहा. अमेरिकेतले अध्यापक मोकळे असतात ते मे ते ऑगस्ट. आपल्याकडे त्यातले मे-जून सुट्टीचे आणि उन्हाचे, आणि जुलैत प्रवेशच चालू असल्याने वर्ग भरलेले नसतात. ऑस्ट्रेलियातील मोठी सुट्टी मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे ऐन आपल्या दुसऱ्या सत्रात येते. थिअरीचे एक क्रेडिट पंधरा तासांचे, तेव्हा पाहुण्यांचे वीस तास आणि तुमचे दहा तास मिळून दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम अभ्यास मंडळाकडून आधीच मंजूर करून घेता आला, तर मुलांच्या गुणपत्रिकेतही तो दिसेल.

तासिका तत्त्वावर शिकवणारा

मी थोडे कडू लिहिणार आहे, राग मानू नये. मी तासाच्या हिशेबाने पगार घेतो, आणि गेल्या सत्राचे मानधन या सत्राच्या मध्यावर हातात पडले. अशा वेळी पाहुण्यांसाठी वातानुकूलित खोली आणि मोटार यांची तरतूद तत्काळ झालेली पाहिली की मनात जे येते, ते येथे लिहीत नाही.

तरीही माझा विरोध पाहुण्याला नाही. अमेरिकेत फुलब्राइटचीच ‘स्कॉलर-इन-रेसिडेन्स’ नावाची योजना आहे. तिच्यात परदेशी अध्यापक एका सत्रासाठी किंवा पूर्ण वर्षासाठी तेथील महाविद्यालयात जातो, आणि प्राधान्य मिळते ते अशा पाहुण्यांची सवय नसलेल्या संस्थांना: कम्युनिटी कॉलेजे, कृष्णवर्णीय किंवा आदिवासी समाजासाठीची महाविद्यालये, लहान गावातील संस्था. त्याने वर्गाबाहेर जाऊन गावातील लोकांशी बोलावे, अशीही अपेक्षा असते. तेथील लहान महाविद्यालये आमच्या मुलांना बाहेरचे जग दिसत नाही असे अर्जात लिहून देतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. आपणही तसे लिहावे. मात्र अर्जात आणखी एक नाव असावे, ते पाहुण्याबरोबर वर्गात उभे राहणाऱ्या स्थानिक शिक्षकाचे, आणि त्याच्या तासांचे मानधन त्याच अंदाजपत्रकात धरलेले असावे. पाहुणा गेल्यावर तोच विषय पुढील वर्षी कोण शिकवणार, याचे उत्तर नसेल तर तीन आठवडे ही जत्राच ठरेल.

यजमान गृहिणी, होटगी रोड

माझे पती महाविद्यालयात आहेत, म्हणून एक जपानी अभ्यासक आमच्याकडे एकोणीस दिवस राहिले होते. राहण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगावे. आम्ही सांगितले नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी सकाळी बराच वेळ शॉवर घेतला आणि टाकी रिकामी झाली. चूक आमची होती. चौथ्या दिवशी पहाटे पाणी आले तेव्हा ते स्वतः उठून पिंपे भरायला उभे राहिले, आणि उजनी धरणापासून आमच्या नळापर्यंत पाणी कसे येते हे शेजाऱ्यांना विचारत सुटले. शेजाऱ्यांनीही त्यांच्याकडील पाण्याची चौकशी केली. आमच्या गल्लीत एवढी गंभीर चर्चा मी पूर्वी ऐकलेली नाही.

खाण्याची काळजी करू नये. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी त्यांना आवडली, फक्त चटणीवर दही जरा जास्त लागले. जानेवारीत बोलावणार असाल तर सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि शेतावरचा हुरडा दोन्ही साधतील, आणि तेथे माणसे आपणहून बोलतात. वेगळा ‘समाजसंवाद कार्यक्रम’ आखावा लागत नाही. एक दिवस डॉ. कोटणीस यांच्या स्मारकालाही न्यावे. येथे जन्मलेला डॉक्टर १९३८ साली चीनला गेला, तेथली भाषा शिकला आणि १९४२ साली तेथेच वारला, हे कळल्यावर आमचे पाहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी मला मराठीत आकडे शिकवा म्हटले. अठ्ठावीसपर्यंत आले आणि मग ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी, असे का म्हणायचे, यावर अडले, ते मलाही सांगता आले नाही.

इतिहासाचे शिक्षक, सोलापूर

सर्वांचे आभार. प्रस्ताव बदलून लिहिला आहे. उद्घाटन समारंभ काढून टाकला असून व्याख्यान एकच ठेवले आहे, तेही संध्याकाळी वाचनालयात आणि मराठी भाषांतरासह. तीस तासांचा अभ्यासक्रम, त्यातले दहा तास आमचे. आणि तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याचे नाव व मानधन दुसऱ्या पानावर वेगळ्या ओळीत घातले आहे. ही ओळ राहणार नसेल तर मी सही करणार नाही, असे प्राचार्यांना आज सांगितले. ते म्हणाले, ‘आधी पाहुणा तर मिळू द्या.’ ओळ मात्र त्यांनी खोडलेली नाही.

अधीक्षक साहेबांना एक विचारायचे आहे: डिसेंबरअखेरीस कोणी येणार असेल तर अभ्यास मंडळाकडे कागद कोणत्या महिन्यात पाठवावा?

कार्यालयीन अधीक्षक

या महिन्यात पाठवा. आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.