नॅनोपोरमधे ओढलेल्या रेणूचं वागणं खरं धरायचं काय?

खानापूरकर: टिळकवाडीतले एक रिटायर सर म्हणाय लागलेत, नॅनोपोर म्हणजे नॅनोमीटरभर भोकात एकेका रेणूमुळं बदलणारा करंट मोजणं ही नुसती फॅशन, टेस्टट्यूबमधली सरासरी तेवढी खरी. मला हे अजिबात पटत नाही. खडेबाजारची गर्दी गच्चीवरनं बघून कोण कुठं थांबलं, कोण मागं फिरलं हे कळतं काय? नॅनोपोरमधे कळतं की. पडद्यात एकच भोक, दोन्हीकडं खारं पाणी, १२० मिलिव्होल्ट लावले की अल्फा-हिमोलायसिन नावाच्या भोकवाल्या प्रोटीनमधनं साधारण १२० पिकोअँपिअर वाहतात, रेणू आत शिरला की करंट पडतो, आणि किती पडला, किती वेळ पडून राहिला यावरनं तो एकटा रेणू ओळखू येतो. १९९६ ला कॅसियानोविच, ब्रँटन, डीमर यांनी आरएनए-डीएनए असेच ओढून दाखवलेत.

निपाणीकर: अहो ओढून, तेच म्हणतोय मी! भोक सगळ्यात अरुंद जागी १.४ नॅनोमीटर रुंद, लांबी पण काही नॅनोमीटरच, तेवढ्यात सगळं व्होल्टेज पडतं म्हणजे मीटरमागं कोटीच्या वर व्होल्ट झाले, वर एक मोलर पोटॅशियम क्लोराइड. पेशीत एवढं मीठ असतं काय? तिथं प्रोटीनची घडी उलगडली तर ते त्याचं वागणं की तुमच्या ओढण्याचं? भिंतीला चिकटला तरी करंट पडूनच राहतो.

खानापूरकर: म्हणूनच व्होल्टेज बदलून बघतात. वाढवल्यावर थांबायचा वेळ कमी झाला तर रेणू पलीकडं जातोय, वाढला तर शिरून परत अलीकडंच येतोय. उलगडण्याचा वेग पण वेगवेगळ्या व्होल्टेजला मोजून शून्यापर्यंत रेघ नेतात.

निपाणीकर: रेघ सरळच जाईल कशावरनं? जोर लावल्यावर उलगडायची वाटच बदलली तर?

उद्यमबाग: माझं काम अँप्लिफायरचं, म्हणून मधे बोलतो. सुटं डीएनए त्या भोकातनं बेसमागं, म्हणजे एकेका अक्षरामागं, काही मायक्रोसेकंदात पळतं, खरखर काढायला १० किलोहर्ट्झचा फिल्टर लावला की त्याला पकडता येणार नाहीत इतक्या छोट्या घटना अर्धवट दिसतात नाहीतर गायबच, मग उरलेल्यांचीच सरासरी. सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीनं वाचायला, एन्झाइम लावून वेग सेकंदाला ४०० बेसच्या आसपास आणावा लागला तो याचसाठी.

खानापूरकर: छोट्या घटनांचं मान्य, पण नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनवाल्यांनी क्लायए नावाच्या रुंद भोकात डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे एन्झाइम अडकवून ठेवलं, तिथं एकाच एन्झाइमचे वेगवेगळे आकार करंटच्या पायऱ्यांत दिसले. टेस्टट्यूबमधे हे सगळं एकात एक मिसळून जातं, मग सर म्हणतात ती खरी सरासरी नेमकी कुठल्या आकाराची?

निपाणीकर: हे काम चांगलंय, नाही म्हणत नाही. पण प्रत्येक एन्झाइमला त्याच मिठात, त्याच तापमानाला टेस्टट्यूबमधला वेग मोजून शेजारी ठेवा. जुळला तर माझी तक्रार नाही, नाही जुळला तर पेशीबद्दल बोलू नका, भोकातल्या रेणूबद्दलच बोला.