लांब पल्ल्याच्या भटकंतीत रोजचा दिवस नेमका कसा जातो?

प्रश्न

नमस्कार. दोन-तीन दिवसांचे ट्रेक बरेच केलेत, पण यंदा पहिल्यांदाच सलग पाच आठवडे चालायला निघतेय. एकटीच. तंबू, शेगडी, अंथरूण सगळं पाठीवर. वय 58. सामानाच्या याद्या ढिगाने मिळाल्या, पण उठल्यापासून झोपेपर्यंत माणूस काय काय करतो ते कुणी सांगत नाही. रोज तेच तेच करून मन उबगत नाही का? आणि रोज 25 किलोमीटर धरलेत, ते ठीक आहेत ना?

उत्तर 1

25 सुरुवातीला नकोत. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892 सालचा जुना हिशेब आजही कामी येतो: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे 25 किलोमीटर आणि 1200 मीटर चढ असेल तर सात तास निव्वळ चालणं. त्यात विश्रांती नाही, पाणी भरणं नाही, पाठीवरचं ओझं तर नाहीच नाही.

उत्तर 2

ताई, मी सत्तेचाळीस दिवस चाललोय, तेव्हाचा दिवस जसा आठवतो तसा सांगतो.

सव्वापाचला जाग यायची. थंडीच्या रात्री पाण्याचा फिल्टर मी स्लीपिंग बॅगमध्ये, पोटाशी घेऊन झोपायचो. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरला की आत पाणी राहतं. ते गोठलं तर तंतूंना तडे जातात, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. पाणी पहिल्यासारखंच येत राहतं, गाळलं मात्र जात नाही. म्हणून ही सवय पहिल्या रात्रीपासून लावून घ्या.

मग तंबू. पाऊस नसला तरी आपल्याच श्वासाच्या वाफेने तो आतून ओला होतो. हातरुमालाएवढ्या फडक्याने पुसायचा, सॅकच्या बाहेरच्या खिशात कोंबायचा आणि दुपारच्या थांब्यावर उन्हात पसरायचा. हे विसरलात तर रात्री ओल्या तंबूत शिराल. स्लीपिंग बॅग सॅकच्या तळाशी, जड वस्तू मध्यावर पाठीला चिकटून. कमरपट्टा आधी आवळायचा, खांद्याचे पट्टे नंतर. भार कमरेवर बसला पाहिजे.

निघताना थोडी थंडी वाजत असेल तरच कपडे बरोबर आहेत असं समजा. अंगभर गुंडाळून निघालात तर पंधरा मिनिटांत घाम येतो, आणि थांबलात की तोच घाम गारठवतो.

दर दोन तासांनी दहा मिनिटं थांबून बूट-मोजे दोन्ही काढायचे. यात मी कधीच सवलत घेत नाही, कारण सहाव्या दिवशी घेतली होती. डाव्या टाचेला चटका जाणवला. म्हटलं, वरच्या खिंडीत गेल्यावर बघू. खिंड चाळीस मिनिटांवर होती. पोचेपर्यंत रुपयाएवढा फोड आला होता. पुढचे दोन दिवस तंबूतच गेले, आणि त्याचा मला अजूनही पश्चात्ताप होतो. चटका जाणवला की जिथे असाल तिथे, भर चढावर असाल तरी, बसा आणि पट्टी लावा.

पाणी लिटरला एक किलो. झऱ्यावरच अर्धा लिटर पोटात घालायचं आणि पुढच्या झऱ्यापुरतंच पाठीवर घ्यायचं. तो झरा आटलेला असू शकतो, हे गृहीत धरून थोडं जास्त.

अंधाराआधी दीड तास मुक्काम ठरवायचो. आधी पाणी आणायचं, मग तंबू, मग कोरडे कपडे, मग जेवण. हा क्रम दमलेल्या माणसाने मोडू नये. एकदा कोरडे कपडे घालून आडवं झालं की पाण्याला उठवत नाही. पाण्यापासून साठेक मीटर लांब राहायचं. शौचाचा खड्डाही तितकाच लांब, 15 ते 20 सेंटीमीटर खोल. हात साबणानेच धुवायचे. जुलाब-उलट्या आणणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही.

झोपायचे मोजे वेगळे. त्यांनी एक पाऊलही चालायचं नाही, बाहेर कितीही ओलं असो. सलग चार दिवस पाऊस लागला तेव्हा पहाटे कोरडे मोजे काढून कालचे ओले, थंडगार मोजे घालणं हे दिवसातलं सगळ्यात अवघड काम असायचं. त्यापुढे चढ सोपा वाटायचा.

उबगण्याचं म्हणाल तर पहिले दहा दिवस मीही उबगलो. नंतर ही कामं हातांनाच पाठ झाली आणि डोकं मोकळं झालं. मग वाट दिसायला लागली: कुठल्या वळणावर वारा बदलतो, कुठल्या दगडावरून पाय घसरेल. तेच तेच करतोय असं वाटेनासं झालं.

उत्तर 3

वयाची काळजी नको. एमा गेटवूड 1955 साली वयाच्या 67व्या वर्षी अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल एकट्या चालल्या, तीन हजार किलोमीटरहून जास्त. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. मी स्वतः पन्नाशीनंतर सुरू केलं. रात्रीची एक गोष्ट मात्र सांगते: एकटीला पहिले तीन-चार दिवस पानाच्या सळसळीनेही जाग येते. घाबरून परत फिरू नका. पाचव्या-सहाव्या रात्री अंग इतकं दमतं की कान आपोआप शांत होतात. रोजचा ठरलेला मुक्काम आणि परतीची तारीख घरी लिहून ठेवा.

प्रश्नकर्ती

दादा, ताई, मनापासून आभार. पहिल्या आठवड्यासाठी आता रोज 25 ऐवजी 14 किलोमीटरच धरलेत. जेवणाचं कसं? ट्रेकवर भूक कमी लागते म्हणून कमीच न्यायचं ठरवलं होतं.

उत्तर 2

पहिल्या आठवड्यात कमी लागते, खरं आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जी भूक उठते ती रात्री झोपेतून उठवते. तेव्हाचा शिधा वाढवूनच धरा. एका ग्रॅम स्निग्धात 9 कॅलरी, पिठूळ पदार्थात 4. वजन तेच ठेवून दाणे, सुकामेवा आणि तेलाचं प्रमाण वाढवा. आणि बूट संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर मापून घ्या. अर्धा नंबर मोठे. पाय सुजतात, आणि रोज चालताना ते बहुधा सुजलेलेच राहतील.