खडू मोडूनच द्या

क्रिकेटपटूंची चित्रं रंगवायला दिली तर बालवर्गातली मुलं दोन मिनिटांत गिरगटून मोकळी होतात, मग बोटांना वळण कसं लागणार, असं वर एका ताईंनी विचारलंय. ताई, चूक मुलांची नाही, चित्राची आहे. हेल्मेटची जाळी, पॅडचे पट्टे... चार वर्षांच्या हाताला एवढं बारीक काम झेपत नाही.

मी कॅरमपासून सुरुवात करते. 9 काळ्या, 9 पांढऱ्या सोंगट्या आणि एक राणी. आधी वाटीएवढे मोठे गोल, सवय झाली की हळूहळू लहान. (पांढऱ्या सोंगट्या हमखास गुलाबी होतात. होऊ देत!)

खरी गंमत खडूत आहे. मेणाचा खडू मोडून पेराएवढा तुकडा द्या. तो मुठीत धरताच येत नाही, त्यामुळे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आपसूक कामाला लागतात. स्केचपेन मात्र नकोच, त्याला दाब द्यावा लागत नाही. कागद कधी भिंतीला चिकटवून बघा. मनगट जरा मागे वळतं, पकड सुधारते, खांद्यालाही काम मिळतं.

मोठ्या गटाला खो-खो देते. बसलेले 8 खेळाडू, एकाआड एक उलट तोंड करून. पाठमोरा कोण, हे ओळखून मगच रंगवायचं. तिथे घाई करणारीही थबकतात.

आणि रंगवून झालं की खराखुरा कॅरम मांडा. टिचकी मारणं हाही बोटांचाच व्यायाम की!