मदत हवी आहे : सीसीटीव्हीच्या ठरावावर नगरसेवकांनी काय विचारावं?

नमस्कार मंडळी. पुढच्या सर्वसाधारण सभेत आमच्या प्रभागात सीसीटीव्ही बसवायचा ठराव येतोय. आमच्या नगरसेविका ताई म्हणाल्या, "मुद्दे लिहून द्या, मी मांडते." ही संधी मला वाया घालवायची नाही.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. पण चित्रीकरण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, मोर्चाला आलेल्यांचे चेहरे त्यातून शोधणार का, याबद्दल प्रस्तावात एक ओळही नाही. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलंय. हे सभागृहात कुणीतरी म्हणायलाच हवं.

मागची सभा मी प्रेक्षक सज्जात बसून पाहिली. विषय क्रमांक वाचला, बाकांवरून "मंजूर, मंजूर" आलं, की पुढचा विषय. शेजारचे आजोबा चष्मा पुसून कार्यक्रमपत्रिकेत तो विषय शोधतच राहिले. 2022 पासून राज्यातल्या कितीतरी महापालिकांवर प्रशासक होते. एवढ्या काळाने सभागृह भरलं आणि तरी चर्चा नाही, तर लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा?

ठरावाला अटी जोडणारी उपसूचना कशी लिहितात? कुणाकडे नमुना आहे का? शिवाय माहिती अधिकारात कागद मागितले तर 30 दिवस जातील, सभा त्याआधीच आहे. त्याच कायद्याच्या कलम 4 प्रमाणे ही माहिती महापालिकेने स्वतःहून जाहीर करावी, असा आग्रह ताईंना सभेत धरता येईल का?